रविवारची कान्हेरी: डोंबिवली ते राष्ट्रीय उद्यान, एका प्रवासाचे प्रकरण

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला बोरिवली-मालाड, पूर्वेला मुलुंड-भांडुप, ईशान्येला ठाण्याचे येऊर. पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकातून पूर्वेला बाहेर पडले की मुख्य फाटक जेमतेम सव्वा किलोमीटरवर. जगातल्या फार थोड्या महानगरांना लोकलच्या तिकिटात बिबट्याचे जंगल आणि दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी मिळतात. तरी मध्य रेल्वेवरच्या कुटुंबांना विचारले, तर उद्यानातली ही कान्हेरीची लेणी त्यांना लोणावळ्याइतकी लांब वाटतात. गाडीत बसून जाणारा वेळ त्याला फारसा कारण नाही. एका वाहनातून उतरून दुसरे गाठायचे, तिथे वेळ जातो, दम लागतो आणि चिडचिड होते. हे जोड कुठे निखळतात आणि कशाने बसतात, ते पाहण्यासाठी एकच प्रवास घेऊन तो टप्प्याटप्प्याने उलगडला आहे.

परिस्थिती

डोंबिवलीहून निघणारे आठ जणांचे कुटुंब धरू. आजी-आजोबा सत्तरीच्या आसपास, आजींचे गुडघे दुखरे. चार मोठी माणसे. सहा आणि अकरा वर्षांची दोन मुले. ऑगस्टअखेरचा रविवार. लेणी पाहायची, डबा खायचा, दिवेलागणीच्या आत घरी. खाजगी गाडी नाही. पूर्ण चढ चालत जाण्याची तयारी नाही. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात आणि शाळा-नोकरीमुळे मधले वार जमत नाहीत, म्हणून रविवार पक्का.

या एका दिवसात कुटुंबाचा संबंध पाच-सहा यंत्रणांशी येतो: मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे किंवा दोन वेगवेगळ्या मेट्रो कंपन्या, महापालिका, वन विभाग आणि लेण्यांपाशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. प्रत्येकाचे वेळापत्रक स्वतंत्र, तिकीट स्वतंत्र आणि जबाबदारी आपापल्या कुंपणापर्यंत. खरा प्रश्न इथे आहे.

तीन वाटा

सर्वांच्या डोक्यात पहिली येते ती दादरची. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर साधारण ५० मिनिटे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर, तिथून बोरिवली किंवा विरार फास्टने ३५ मिनिटांच्या आसपास. दादरला फलाट शोधणे पूर्वी नवख्याला फार जड जायचे, कारण दोन्ही रेल्वेंचे फलाट १ पासूनच मोजले जात. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले, आणि 'एक नंबरला ये' म्हटल्यावर दोन माणसे दोन रेल्वेंवर उभी राहण्याचा प्रकार थांबला. खर्च पाट्यांचा आणि उद्घोषणांचा, फायदा रोजच्या लाखो प्रवाशांना. जोड सुधारायला दरवेळी नवा पूलच बांधावा लागतो असे नाही, याचे इतके चांगले उदाहरण मुंबईत दुसरे सापडणे कठीण.

तरीही दादरचा पूल आजींसाठी सोपा नाही. गर्दीत मुलांचा हात धरून, सरकता जिना चालू असेल तिथे वळून पलीकडे जायला १० ते १२ मिनिटे धरावीत. शिवाय बोरिवलीला उतरल्यावर सव्वा किलोमीटर उरतोच.

दुसरी वाट घाटकोपरची, आणि या कुटुंबासाठी तीच योग्य ठरते. डोंबिवली ते घाटकोपर फास्टने साधारण ३५ ते ४० मिनिटे. स्थानकालाच जोडलेल्या मेट्रो १ ने 'वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे' स्थानकापर्यंत सुमारे १३ मिनिटे. तिथून पादचारी पुलाने मेट्रो ७ च्या गुंदवली स्थानकात, आणि पुढे 'राष्ट्रीय उद्यान' स्थानकापर्यंत साधारण २५ मिनिटे. मेट्रो ७ चा आरे ते दहिसर हा भाग एप्रिल २०२२ मध्ये आणि गुंदवलीपर्यंतचा उरलेला भाग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्याआधी ही वाटच नव्हती. त्यामुळे जुन्या माहितीवर बेत आखणारे अजून दादरलाच जातात.

गुंदवलीला गाडी सुरू होते, म्हणून आठही जणांना बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. मेट्रोच्या दोन्ही स्थानकांत लिफ्ट आहे. उतरल्यावर जिना थेट हायवेच्या पूर्व बाजूला, उद्यानाच्या फाटकाकडे जातो. चालण्याचा हिशेब करता दादरच्या वाटेने आजींना गाडीबाहेर दीड किलोमीटरहून जास्त पडते. घाटकोपरच्या वाटेने त्याच्या निम्म्यानेही नाही. पैसे थोडे जास्त लागतात, कारण लोकल, मेट्रो १ आणि मेट्रो ७ अशी तीन भाडी होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपमुळे तिन्ही तिकिटे एकाच ठिकाणी काढता येतात. ज्येष्ठांच्या हातात फोन न देता एकाने सर्वांची काढून ठेवली, तर तीन रांगा वाचतात.

इथे एक फसगत नेहमी होते. मेट्रो २अ वर 'बोरिवली पश्चिम' नावाचे स्थानक आहे. नाव वाचून लोक तिथे उतरतात. ते लिंक रोडवर आहे, रेल्वे स्थानकापासून बरेच पश्चिमेला, आणि उद्यान रेल्वे रुळांच्या पूर्वेला. उलट ज्या मेट्रो ७ वर उतरायला हवे, तिच्यावर 'बोरिवली' हे नावच नाही. मागाठाणे, देवीपाडा आणि मग राष्ट्रीय उद्यान. उद्यानाला जायचे तर नकाशात बोरिवली शोधूच नये.

तिसरी वाट ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बसची. नकाशावर ठाणे आणि बोरिवली पाठीला पाठ लावून उभे आहेत, पण मधे जंगल असल्याने रस्ता उत्तरेकडून वळसा घालतो. गायमुखचा घाट अडला की पाऊण तासाचे दोन तास होतात. लहान मुले आणि परतीची वेळ सांभाळायची असेल तर ही वाट बेतात धरू नये. मागाठाणे ते ठाण्याचे टिकुजीनी वाडी असा ११.८ किलोमीटरचा जुळा रस्ता जंगलाखालून काढण्याचे काम सुरू आहे, त्यातला १० किलोमीटरहून अधिक भाग बोगद्याचा. तो झाल्यावर त्यातून नियमित बस धावल्या, तर ठाण्यापलीकडच्या सर्वांचे गणित बदलेल. त्यात फक्त मोटारी धावल्या, तर या कुटुंबाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

रविवारचा ब्लॉक

उद्यानाचा दिवस आणि रुळांच्या दुरुस्तीचा दिवस एकच. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान माटुंगा-मुलुंड पट्ट्यात असतो; पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक साधारण १० ते ३ च्या दरम्यान, वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरता. ब्लॉक घ्यावाच लागतो. रूळ, ओव्हरहेड तार आणि सिग्नलची देखभाल गाड्या धावत असताना होत नाही. प्रवाशाने काय करायचे, ते कोणत्या मार्गिकेवर ब्लॉक आहे यावर ठरते.

माटुंगा-मुलुंडदरम्यान धीम्या मार्गावर ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्ट मार्गावरून धावतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर यांसारखी स्थानके वगळतात. फास्ट मार्गावर ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो मार्गावर येतात आणि १५-२० मिनिटे उशिरा पोहोचतात. घाटकोपर मात्र दोन्ही वेळा घेतले जाते. पश्चिम रेल्वेचा ब्लॉक बोरिवली-गोरेगाव पट्ट्यात असेल, तर बोरिवलीचे काही फलाट बंद राहतात आणि काही गाड्या गोरेगावलाच संपवल्या जातात. अशा दिवशी दादरची वाट अर्ध्यावर तुटते. मेट्रोवर याचा परिणाम नाही. म्हणजे घाटकोपरच्या वाटेत ब्लॉकची झळ फक्त एका टप्प्याला लागते, दादरच्या वाटेत दोन्ही टप्प्यांना लागू शकते. घाटकोपर निवडण्याचे हे सर्वांत ठोस कारण, वाचणाऱ्या मिनिटांपेक्षाही मोठे.

ब्लॉकची माहिती दोन्ही रेल्वे शुक्रवार-शनिवारपर्यंत जाहीर करतात. ती शनिवारी रात्री पाहावी. सकाळी इंडिकेटरखाली उभे राहून पाहिल्यास निर्णय बदलायला वेळ उरत नाही.

शेवटचा किलोमीटर

दादरच्या वाटेने आलेल्यांसाठी, आणि मुख्य म्हणजे पश्चिम उपनगरांतून लोकलने येणाऱ्या हजारोंसाठी, बोरिवली स्थानक ते फाटक हा सव्वा किलोमीटर फार महत्त्वाचा. धडधाकट माणूस तो १५ मिनिटांत चालतो. आजींच्या चालीने २५ मिनिटे लागतात, पावसात त्याहून जास्त. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडताच फेरीवाले, रिक्षांची रांग आणि बस एकाच तोंडाशी गाठतात. पदपथ तुटक आहे. दुकानाची पायरी, विजेची पेटी, लावलेल्या दुचाकी आल्या की रस्त्यावर उतरायचे. सव्वा किलोमीटर म्हटले की रिक्षावाला मान हलवतो, कारण जवळच्या भाड्यात त्याला परतीचे गिऱ्हाईक मिळेलच असे नसते. त्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. शेअर रिक्षाची फाटकापर्यंतची ठरावीक रांग आणि ठरावीक भाडे ठेवले तर तोच रिक्षावाला दिवसभर फेऱ्या मारेल.

पुढे पश्चिम द्रुतगती महामार्ग. तो ओलांडण्यासाठी मेट्रो स्थानकाचा पूल वापरावा. स्थानक हायवेच्या मधोमध उंचावर आहे आणि त्याचे जिने दोन्ही बाजूंना उतरतात. खालून वाहनांतून वाट काढणारी कुटुंबे दर रविवारी दिसतात, कारण मेट्रोचा जिना फक्त मेट्रोच्या प्रवाशांसाठी आहे असा समज आहे. 'राष्ट्रीय उद्यानाकडे जाण्याचा पूल' अशी मराठीत ठळक पाटी पश्चिमेच्या जिन्याखाली लावणे हे एका दिवसाचे काम आहे. हा महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडे आला. स्थानकापासून फाटकापर्यंतचा पदपथ आणि हायवेची बाजू आता एकाच यंत्रणेकडे आहे. पूर्वी 'ते आमच्याकडे नाही' हे उत्तर मिळायचे. ते आता चालणार नाही, आणि मागणी करणाऱ्या रहिवासी संघटनांनी हे नेमके लक्षात ठेवावे.

फाटकापासून वर

बहुतेक बेत इथेच फसतात, कारण लोकांना वाटते फाटक आले म्हणजे कान्हेरी आली. फाटकापासून लेणी सुमारे ६ किलोमीटर आणि शेवटचा भाग चढाचा. पायी दीड ते दोन तास. उद्यानातल्या बसने गेले तरच आजी-आजोबांना लेणी दिसणार.

या बसचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जंगलातल्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ नये. त्या वेगाने ६ किलोमीटरला १८ मिनिटे. दोन्ही टोकांना चढ-उतार करायला चार-चार मिनिटे धरली तर एका फेरीला ४४ मिनिटे. २५ आसनांच्या पाच बस असतील तर साधारण ९ मिनिटांना एक बस आणि तासाला एका दिशेने १७० माणसे. सकाळी हे पुरते, कारण लोक सातपासून अकरापर्यंत विखरून येतात. संध्याकाळी नाही. लेणी पाचला बंद होतात, आणि साडेतीननंतर सगळेच एकदम खाली यायला निघतात. त्या वेळी ५०० माणसे रांगेत असतील, तर शेवटच्या माणसाला जवळजवळ तीन तास. अंधारात बिबट्याच्या हद्दीत ६ किलोमीटर उतरत जाणारी कुटुंबे यातूनच निर्माण होतात, आणि हे खरोखर धोक्याचे आहे.

बस वाढवणे हा एकच उपाय नाही. दुपारी अडीचनंतर वर चढणाऱ्या बस जवळजवळ रिकाम्याच असतात. तेव्हा वर जाणाऱ्यांना तिकीट देणे तीन वाजता थांबवले आणि प्रत्येक बसने वरच्या टोकाला चारऐवजी दोनच मिनिटे घेतली, तर फेरी ४२ मिनिटांवर येते. चढताना परतीच्या वेळेचा शिक्का तिकिटावर मारला, म्हणजे बाराची, एकची, दोनची परतीची बस असे वाटप केले, तर रांग दिवसभर पसरते. याला नवे वाहन लागत नाही, शिक्का आणि एक माणूस लागतो.

आपल्या कुटुंबासाठी यातून नियम निघतो तो असा: दिवस परतीच्या बसपासून मागे मोजायचा. एक वाजता कान्हेरीहून खाली निघायचे, म्हणजे साडेनऊला वर पोहोचायचे, नऊला फाटकावर, सात-सव्वासातला डोंबिवलीहून गाडीत. पावसाळ्यात अर्धा तास आणखी अलीकडे.

वर पोहोचल्यावर

लेण्यांचे तिकीट वेगळे, फाटकावरच्या तिकिटात ते येत नाही. १५ वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व विभागाचे तिकीट नाही. एकूण १०९ लेणी डोंगरभर विखुरली आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. पहिली तीन प्रवेशाजवळच आहेत आणि आजींना तेवढी पुरतात. तिसरे लेणे म्हणजे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, सातवाहन काळातले. त्याच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे ७ मीटर उंचीचे दोन उभे बुद्ध आहेत. गुडघे साथ देत असतील तर ११ क्रमांकाचे 'दरबार' लेणे, मधोमध लांबच लांब दगडी बाकांचे.

मुलांना दाखवायची ती पाण्याची व्यवस्था. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या (भिक्खूंच्या निवासाच्या) दाराशी खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आहे. तोंड अरुंद, आत पोकळ. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हाळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून वळत पोढीत उतरते. ऑगस्टमध्ये हे चालू स्थितीत दिसते: पन्हळीत बोट धरले की पाण्याची धार कळते आणि ती कुठे जाते हे अकरा वर्षांचे मूल स्वतः शोधून काढते. बसॉल्टच्या या डोंगरावर मठवासी आठ कोरडे महिने कसे काढत, याचे उत्तर त्या पन्हळीत आहे. पावसाळ्याखेरीज कान्हेरी पाहणाऱ्यांना नेमके हेच दिसत नाही, म्हणून घसरणीचा धोका पत्करूनही पावसाळ्यातली भेट सुचवली आहे.

धोका मात्र खरा आहे. ओल्या कातळावर शेवाळ धरते. रबरी चप्पल नको, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. डोंगरातून वाहणारा ओढा जोरात असेल तर पलीकडच्या लेण्यांकडे जाऊच नये. अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा प्रवेश थांबवला जातो, म्हणून हवामान खात्याचा इशाराही शनिवारी रात्रीच पाहावा. डबा बंद पिशवीत ठेवावा, हातात नाही; माकडे पिशवीचा आवाज ओळखतात. त्यांना खायला घालायला मनाई आहे, आणि ती पाळली नाही की पुढच्या कुटुंबाच्या मुलाच्या हातावर ओरखडा उठतो. प्लास्टिक पिशव्या फाटकावरच काढून घेतल्या जातात, कापडी आणाव्यात.

वाटेत दाट झुडपे दिसतात ती कारवीची. आठ वर्षांनी एकदाच ती सगळी मिळून फुलते. इथला बहर २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये आला, म्हणजे सहा वर्षांचे मूल आता बारावर्षीय होईल तेव्हा, २०३२ च्या सुमाराला, पुढचा. त्या वर्षी श्रावण-भाद्रपदात गर्दी आजच्या कितीतरी पट असेल आणि बसचा वरचा हिशेब तोवर सुधारलेला असायला हवा.

पुढच्या पाच वर्षांत काय बदलेल

बोरिवलीपर्यंत लोकल वेळेवर धावण्यातली मोठी अडचण म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या. वेगळी मार्गिका नसेल तिथे त्या फास्ट लोकलच्याच मार्गावरून जातात आणि लोकल मागे थांबतात. त्यासाठी मुंबई सेंट्रल-बोरिवली पाचवी-सहावी मार्गिका आहे. सहाव्या मार्गिकेचा खार-गोरेगाव टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कांदिवलीपर्यंतचा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. सलग मार्गिका मिळाली की रविवारी ब्लॉकच्या वेळी गाड्या वळवायलाही पर्याय मिळतो. उद्यानाला जाणाऱ्यांच्या दृष्टीने तोच तिचा खरा फायदा.

हार्बर मार्ग मार्च २०१८ मध्ये अंधेरीहून गोरेगावपर्यंत आला, आणि तो बोरिवलीपर्यंत नेण्याचे काम एमयूटीपी-३अ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा टप्पा) मध्ये मंजूर आहे. वडाळा, चेंबूर, मानखुर्द, वाशीकडच्यांना आज गोरेगावला उतरून पश्चिम रेल्वेची दुसरी गाडी धरावी लागते; तो जोड त्या दिवशी नाहीसा होईल. मात्र ही सगळी माणसे बोरिवलीच्या पूर्वेलाच उतरणार आहेत, त्याच तुटक पदपथावर आणि त्याच रिक्षांच्या रांगेत. म्हणून स्थानकाच्या पूर्वद्वारापासून फाटकापर्यंतचा सलग, किमान दोन मीटर मोकळा पदपथ, पुलाखालची पाटी आणि फाटकापर्यंतची शेअर रिक्षांची रांग ही तीन कामे हार्बरची पहिली गाडी येण्याआधी पुरी व्हायला हवीत. तिन्हींना मिळून एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा वेळ पुरेसा आहे.